मागच्या काचेतला तिसरा दिवा

जयगडहून आलेली फेरीबोट तवसाळला लागली की तिच्यातल्या गाड्या एकदमच बाहेर पडतात आणि तशाच रांगेनं सड्यावर चढून नरवण, हेदवीच्या दिशेनं निघतात. रस्ता अरुंद. वळणापलीकडचं दिसत नाही. एका बाजूला जांभ्याचा गडगा, दुसऱ्या बाजूला गटार नाहीतर उतार. कुणाला खाली समुद्र दिसतो, कुणाला दशभुज गणपतीची पाटी दिसते, कुणापुढे गुरं येतात, आणि पुढच्याचा पाय ब्रेकवर पडतो. मागच्या चौथ्या-पाचव्या गाडीपर्यंत ही खबर पोचते कशी, आणि वेळेत पोचते का, यावर माझं आणि मामाचं सुट्टीभर वाजत होतं.

मामा हेदवीचा. एसटीत ड्रायव्हर होता, निवृत्त झाला, आता स्वतःची जुनी मारुती 800 चालवतो. मी पिंपरी-चिंचवडला गाड्यांच्या वायरिंगचं काम करते. त्याच्या गाडीच्या मागच्या काचेत वरच्या बाजूला ब्रेकचा तिसरा, एलईडीचा दिवा बसवावा असं मी सुचवलं आणि त्यानं सरळ नाही म्हटलं. वाद ऐकण्यासारखा आहे असं मला वाटतं, कारण त्याचे आक्षेप हट्टाचे नाहीत. घाटात आयुष्य काढलेल्या माणसाचे आहेत.

मामा : कंपनीनं दोन दिवे दिलेत. दोन्ही लागतात. तिसरा कशाला?

मी : लागतात, पण कुठं लागतात ते बघ ना. तुझी गाडी बुटकी, दिवे त्याहून खाली. उंच गाडीवाला अगदी जवळ आला की त्याच्या बॉनेटनं तुझे दिवे झाकले जातात, त्याला दिसते ती तुझी मागची काच. दिवा तिथंच हवा.

मामा : एवढा जवळ यायचंच कशाला त्यानं? अंतर ठेवायचा नियम आहे. मागून ठोकलं तर चूक मागच्याची, हे शेंबडं पोरही सांगेल.

मी : चूक त्याची ठरेल, मान तुझी लचकेल. आणि नुसता मागचाच नाही. त्याच्या मागच्याचं काय? तुझ्या आणि त्याच्या मधे एक गाडी आहे, तुझे खालचे दिवे त्याला दिसणारच नाहीत. काचेतला दिवा मात्र मधल्या गाडीच्या काचांतून आरपार दिसतो. जेटीवरून निघालेल्या रांगेत हाच मोठा फायदा. मधल्यानं ब्रेक लावायच्या आधीच तिसऱ्याला कळतं.

मामा : मधे टेम्पो असला तर?

मी : तर नाही दिसणार.

मामा : काचांना काळी फिल्म लावलेली असली तर?

मी : तरीही नाही दिसणार. मामा, सगळ्यांना दिसेल असं मी म्हणतच नाही. आज ज्यांना दिसत नाही त्यांतल्या काहींना दिसेल, एवढंच.

हा दिवा कुणा हौशी माणसाच्या डोक्यातून आलेला नाही, म्हणून त्याचा इतिहास मी मामाला सांगितला. 1970 च्या दशकात जॉन व्होएव्होडस्की नावाच्या मानसशास्त्रज्ञानं सॅन फ्रान्सिस्कोतल्या 343 टॅक्सींना मागं एक जादा पिवळा दिवा लावून पाहिला. गाडीचा वेग जितक्या जोरात उतरेल तितका तो दिवा भरभर लुकलुके. 1974 साली त्यानं निष्कर्ष छापले : मागून होणाऱ्या टकरी 60 टक्क्यांनी कमी. पुढं अमेरिकेच्या सरकारी वाहतूक सुरक्षा संस्थेनं वॉशिंग्टनमधल्या टॅक्सींवर दिव्यांच्या वेगवेगळ्या मांडण्या तपासल्या आणि काचेच्या उंचीवर मधोमध असलेला एकच लाल, स्थिर दिवा सगळ्यात उजवा ठरला. 1986 च्या मॉडेलपासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीला तो सक्तीचा झाला.

मामा : साठ टक्के. मग आता तिकडं कुणी कुणाला ठोकतच नसेल.

मी : नाही ना. सगळ्या गाड्यांना दिवा आला आणि आकडा खाली आला. सुरुवातीला साडेआठ टक्के. नंतर त्याच संस्थेनं 1998 मध्ये पुन्हा हिशेब केला तेव्हा 4.3 टक्के.

मामा : बघ! साठाचे चार झाले. नवं होतं तोवर लोकांचं लक्ष गेलं. सवय झाली, संपलं. कपाळाला कुंकू लावावं तसे उद्या सगळेच लाल दिवे लावतील, मग कोण बघणार?

मी : चार म्हणजे शून्य नव्हे. अमेरिकेएवढ्या देशात त्या चार टक्क्यांत वर्षाला सुमारे दोन लाख टकरी टळतात असा त्यांचा अंदाज आहे. काही शे रुपयांच्या दिव्याकडून आणखी काय हवं?

मामा बराच वेळ गप्प राहिला. चार टक्के कमी आहेत असं त्यालाही म्हणवेना. पण मग त्यानं जो मुद्दा काढला तो मी कुठल्याही पुस्तकात इतका नीट मांडलेला वाचलेला नाही.

मामा : हे बघ. ज्या गियरनं चढायचं त्याच गियरनं उतरायचं, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसलं की ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. म्हणून चांगला ड्रायव्हर काय करतो? गियर खाली टाकतो. गाडी इंजिनावर हळू होते. आता सांग, तेव्हा ब्रेकचा दिवा लागतो का?

मी : नाही. पेडल दाबलं तरच लागतो.

मामा : म्हणजे जो नीट उतरवतो त्याच्या मागं काळोख, आणि जो भित्रा सबंध उतार ब्रेक धरून उतरतो त्याच्या मागं अखंड लाल. त्याचा दिवा खरंच थांबायचंय म्हणून लागलाय की नुसता सवयीनं, हे मागच्याला कसं कळणार? दिवे दोन असोत नाहीतर तीन, तो दिवा फक्त पाय कुठं आहे ते सांगतो. गाडी किती हळू होतेय ते सांगत नाही.

मी : तो मुद्दा बरोबर आहे. त्या टॅक्सीवाल्या पिवळ्या दिव्यात तीच सोय होती. पुढं सक्तीचा झाला तो मात्र साधा, लागला नाहीतर विझला असा.

मामा : आमच्या वेळी हात होता. उजवा हात खिडकीबाहेर काढायचा, तळवा खाली, आणि वरखाली हलवायचा. म्हणजे मी हळू होतोय. मागचा समजायचा.

मी : रात्री? पावसात? आणि आज काच खाली करून हात काढलास तर मागच्याला तो खूण वाटेल का? त्याला वाटेल, पुढं जा म्हणतोयस.

मामा : तेही खरंच गो.

मी : म्हणून मी म्हणते, गियर टाकायच्या आधी पेडलला नुसता पाय लाव. ब्रेक लागायच्या आधीच दिवा लागतो. एकदा, दोनदा. तुझा हात आता पायात आला, असं समज.

मामा : ते मी आत्ताही करतो.

मी : करतोस ना? मग जे मागच्याला सांगायची तुला एवढी काळजी आहे, ते त्याच्या डोळ्यांच्या रेषेत सांग.

इथं मी एलईडीकडं वळले. साध्या बल्बची तार तापून लाल होते, पिवळी होते, मग पुरता उजेड देते. त्यात साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो. एलईडीला तापायचं काही नसतं, वीज मिळाली की लगेच पूर्ण उजेड. ताशी 60 किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाच्या पाचव्या भागात साधारण 3.3 मीटर पुढं येते. मारुती 800 ची लांबी बरोबर तेवढीच आहे. म्हणजे मागच्याला एका मारुतीएवढं अंतर फुकट मिळतं.

मामा : इथं साठनं कोण येतो?

मी : मे महिन्यात मोडकाआगरच्या रस्त्यावर उभा राहून बघ. आणि तीसनं आला तरी निम्मं, दीड मीटरच्या वर. तुझं बंपर वाचतं की चेपतं ते दीड मीटरवरच ठरतं.

मामा : मग जुन्या होल्डरमधले बल्ब काढून एलईडीचे घातले की झालं. नवं भोक नको, नवी तार नको.

मी : ते नको. तुझ्या दिव्याच्या आतला आरसा बल्बच्या तारेच्या जागेप्रमाणं बनवलेला आहे. एलईडीचा उजेड दुसऱ्याच ठिकाणाहून निघतो, तो हवा तसा पसरत नाही. शिवाय एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, 5 वॅटची रात्रीच्या दिव्याची आणि 21 वॅटची ब्रेकची. स्वस्तातल्या एलईडी बल्बमध्ये या दोहोंतला फरकच कळत नाही कधीकधी. रात्री दिवे लावलेले असताना ब्रेक लागला हे मागच्याला समजलं नाही तर होती ती सोय घालवलीच आपण. जुने दोन बल्ब राहू देत. नवा दिवा वेगळा, आणि तयार मिळतो तो लाल, ब्रेकचाच म्हणून बनवलेला.

मामाचा खरा राग तारांवर होता. बाजारात बसवून घेतलेल्या जादा हॉर्न, जादा दिवे, जादा स्पीकर यांच्या तारांनी गाड्या कशा नासतात हे त्यानं आयुष्यभर पाहिलं आहे. तार सोलायची, पीळ द्यायचा, वर काळी पट्टी गुंडाळायची. चार पावसाळ्यांत पट्टीचा गोंद सुटतो. आणि आमच्या किनाऱ्यावर तर खारं वारं तांब्याला सोडत नाही, तार आत हिरवट होऊन भुगा होते.

मामा : कुठल्या तारेला जोडणार तू? त्याच जुन्या, आंबलेल्या तारेला ना? आणि उद्या तुझा दिवा शॉर्ट झाला, फ्यूज उडाला, तर माझे चांगले दोन्ही दिवे त्याच्याबरोबर गेले. काही गाड्यांत तर हॉर्नही त्याच फ्यूजवर असतो. एक वाढवायच्या नादात होते नव्हते सगळे घालवायचे?

मी : म्हणून नव्या दिव्याच्या तारेत त्याचा स्वतःचा छोटा फ्यूज घालायचा, एक-दोन अँपिअरचा. एलईडीला लागतात दोन-तीन वॅट, तुझ्या दोन बल्बना बेचाळीस. शॉर्ट झालाच तर छोटा फ्यूज आधी जाईल, तुझ्या दिव्यांना धक्का नाही.

मामा : आणि जोड?

मी : वरून दाबून बसवायचे प्लॅस्टिकचे जोड इथं नकोतच, त्यांच्यात ओल शिरते. डाख द्यायचा, त्यावर गरम केल्यावर आवळणारी नळी, तीही आतून गोंद असलेली. डिकीचा दरवाजा उघड-मीट होतो तिथं तार लोंबती ठेवायची नाही, रबरी नळीतून न्यायची, नाहीतर पत्र्यावर घासून सोलते. आणि दिवा काचेला अगदी चिकटवून, भोवती रबर, म्हणजे लाल उजेड काचेवरून परतून तुझ्या आरशात येणार नाही.

मामा : अर्थिंग?

हा एकच शब्द त्यानं ज्या तऱ्हेनं विचारला, त्यावरून मला कळलं की तो आता नकार देत नाही, माझी परीक्षा घेतो आहे. आणि प्रश्न अचूक होता. जुन्या गाडीचे दिवे मंद दिसतात त्याचं कारण पुष्कळदा बल्ब नसतोच. दिव्याची परतीची वाट गाडीच्या पत्र्यातून जाते, तिथला स्क्रू गंजला की वीज वाट सापडेल तिथून परतते. म्हणून ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, नाहीतर ब्रेक आणि रात्रीचा दिवा एकमेकांत मिसळतात. असा खेळ मागं दिसला की बल्ब बदलत बसू नये. स्क्रू काढावा, पत्रा चकचकीत होईतो घासावा, परत आवळावा आणि वर थोडं ग्रीस लावावं.

मी : नव्या दिव्याची अर्थिंग स्वतंत्र, घासलेल्या पत्र्यावर. पण त्याआधी तुझ्या दोन्ही दिव्यांची साफ करायची.

मामा : हं. म्हणजे काम जुन्यापासून सुरू होणार.

मी : हो.

मामा : असं आधी बोलायचंस. मी म्हणतोय काय मघापासून? आहे ते नीट ठेवा. उन्हाळ्यात तांबडी धूळ बसते, पावसात चिखल उडतो, दिव्याची काच पुसायला कुणाला सवड नाही. आणि म्हणे तिसरा दिवा.

मी : त्या चिखलासाठीच तर तो वर हवा, काचेच्या आत. खालचे दोन माखले तरी तो स्वच्छ राहतो.

मामा : मागची काचच माखली तर?

मी : तर पुसायची. तेवढं तरी करशील ना?

लुकलुकणाऱ्या दिव्यावर मात्र आमचं दोघांचं पहिल्यापासून एकमत होतं. दुकानात निळे, जांभळे, धावते, चमकते असे दिवे मिळतात, आणि ब्रेक लावल्यावर ते लग्नाच्या मांडवासारखे नाचतात. मागं लालच दिवा हवा आणि ब्रेकचा दिवा स्थिर जळायला हवा. हेदवीच्या उतारावर मागं दुचाकीवर लहान मूल पुढं बसवून येणारी बाई असते, तिच्या डोळ्यांत हा चमचमाट जातो. ज्या देशांनी तिसरा दिवा सक्तीचा केला त्यांनी त्याचा उजेड मुख्य दोन दिव्यांपेक्षा कमीच ठरवला आहे. जितका झगझगीत तितका चांगला, हा समज घातक आहे.

मामा : आणि आरटीओ? गाडी पंधरा वर्षांची झाली, पुन्हा नोंदणीला न्यायला लागते. त्यानं विचारलं, हे कुणी लावलं, तर?

मी : विचारू दे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार करायला मनाई करतं. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराला पाच हजार दंड, शिवाय कैदही होऊ शकते. पण आपण ना इंजिन बदलतोय, ना बॉडी, ना रंग. नव्या गाड्यांना जो दिवा कंपनीच लावते तोच, त्याच जागी, त्याच रंगाचा लावतोय.

मामा : हे तू म्हणतेस. तिथं बसलेला साहेब म्हणायला हवा.

मी : तर आधी त्यालाच विचारू.

मामा : विचारू नाही, विचारून घे. मग हात लाव.

यात मी मामाच्या बाजूची आहे. दिवा लहान आहे म्हणून कायदा लहान होत नाही, आणि तपासणीच्या वेळी उभं राहून वाद घालण्यापेक्षा आधी विचारणं सोपं.

या सगळ्यात माझं मत बदललं नाही. जुन्या, बुटक्या गाडीला मागच्या काचेत एक स्थिर लाल दिवा असावा, आणि आमच्यासारख्या वळणाच्या, रांगेच्या, पावसाच्या रस्त्यावर तर असावाच. मागच्याची चूक असेल, त्यानं अंतर ठेवायला हवं होतं, हे सगळं मान्य. पण तो मागचा माणूस अनोळखी आहे, रस्ता त्याला नवा आहे, रात्रभर गाडी चालवून तो गणपतीला घरी निघाला आहे. त्याला थोडं आधी कळलं तर त्याचंही भलं आणि आपलंही. मात्र कामाचा क्रम मामाचाच बरोबर. तिसरा दिवा हा पहिल्या दोघांच्या बदली नव्हे. मागचे दोन्ही दिवे मळलेले, एकाची अर्थिंग गेलेली आणि वर काचेत नवा एलईडी झळकतोय, अशी गाडी मागच्याला फसवते. आणि मामाचा गियरचा मुद्दा तर कुठल्याच दिव्यानं सुटत नाही, तिथं ड्रायव्हरचा पायच बोलायला हवा.

मामा तयार झाला, पण त्याच्या अटींवर. जुन्या दोन्ही दिव्यांचे होल्डर बाहेर काढून साफ करायचे, आरटीओत विचारायचं, सगळे जोड त्याच्यासमोर द्यायचे, आणि कुठली तार कुठून कुठं गेली याचं चित्र काढून गाडीच्या कागदपत्रांत ठेवायचं, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात गाडी गेली तर त्याला अंधारात चाचपडायला नको. ही शेवटची अट मला सगळ्यात आवडली. आमच्या धंद्यात ती फार थोडे लोक पाळतात.

तुमच्याकडं जुनी गाडी असेल तर तिसरा दिवा लावायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण कोकणात उतरायच्या आधी घरातल्या कुणालातरी गाडीमागं उभं करा आणि पेडल दाबा. दोन्ही बाजू सारख्या उजेडानं लागतात का, रात्रीचे दिवे लावल्यावरही ब्रेकचा उजेड वेगळा दिसतो का, इंडिकेटर उगाच मिणमिणतो का, एवढं त्याला बघायला सांगा. एकटे असाल तर रात्री गाडी भिंतीकडं पाठ करून लावा आणि आरशात बघा. याला एक मिनिटही लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत.